सिकलसेलवरचं संशोधन पबमेड आणि व्हॉसव्ह्यूअरमध्ये कसं मोजावं

विदर्भापासून नंदुरबारपर्यंत सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार आढळतो. या विषयावर भारतात कोण, कशावर लिहितं, हे फुकटात पाहता येतं: पबमेड ही वैद्यकीय लेखांची ऑनलाइन सूची, तर व्हॉसव्ह्यूअर हे अशा नोंदींचे नकाशे काढणारं सॉफ्टवेअर.

पबमेडमध्ये अवतरणचिन्हांत सिकल सेल, मग कॅपिटलमध्ये अँड, मग इंडिया आणि त्याला जोडून चौकटी कंसात ॲफिलिएशन (लेखकाच्या संस्थेचा पत्ता) असं इंग्रजीत टाइप करा. कंस राहिला, तर भारताविषयीचे परदेशी लेखही येतात. आणखी एक मेख: 2014 पूर्वीच्या नोंदींत बहुधा पहिल्याच लेखकाचा पत्ता असतो, त्यामुळे जुनं काम कमी भासतं. चालू वर्ष अपुरं असतं; वर्षवार लेखसंख्येच्या आलेखातून ते वगळा.

‘सेव्ह’मध्ये ‘ऑल रिझल्ट्स’ आणि ‘पबमेड’ फॉरमॅट निवडा. सीएसव्ही नको, त्यात ‘मेश’ म्हणजे पबमेडने लेखांना लावलेल्या ठरावीक विषयसंज्ञा येत नाहीत. एका वेळी 10,000 नोंदी मिळतात. जास्त असतील तर वर्षांनुसार तुकडे करा.

व्हॉसव्ह्यूअरमध्ये ‘क्रिएट’, मग बिब्लिओग्राफिक डेटा, मग पबमेडची फाइल. को-ऑकरन्स (कोणत्या संज्ञा एकाच लेखात येतात) आणि ‘मेश कीवर्ड्स’ घ्या, किमान वारंवारता 5. पहिला नकाशा हमखास निरुपयोगी निघतो: ‘ह्यूमन्स’, ‘मेल’, ‘फीमेल’ यांचे भलेमोठे गोळे बाकी सगळं झाकतात. ते गाळायला थिसॉरस, म्हणजे शब्दबदलांची यादी, टॅबने विभागलेल्या साध्या टेक्स्ट फाइलमध्ये करा आणि नकाशा बनवताना ती व्हॉसव्ह्यूअरला द्या; पहिल्या ओळीत रोमन लिपीत ‘लेबल’ आणि ‘रिप्लेस बाय’. नको त्या शब्दापुढचा रकाना रिकामा सोडला की तो गळतो. हीच थिसॉरस फाइल लेखकांची वेगवेगळी स्पेलिंगं एकत्र करायलाही चालते.

पबमेडच्या फाइलवरून सायटेशनचं जाळं (कोणता लेख कोणाचा संदर्भ देतो) मात्र बनत नाही, त्यासाठी ओपनॲलेक्स ही संशोधन-लेखांची दुसरी मोफत सूची वापरा.