लॅपटॉप बंद पडला तरी आतला डेटा जात नाही, दुसऱ्या कॉम्प्युटरवर असा काढा

लॅपटॉप चालू होत नाही, विंडोज अर्ध्यातच गोल फिरत बसतं, आणि दुकानात नेला की पहिलं वाक्य ऐकायला मिळतं, "फॉरमॅट मारावा लागेल". लगेच हो म्हणू नका प्लीज. पुष्कळदा मदरबोर्ड गेलेला असतो नाहीतर विंडोजच्या फाइल्स बिघडलेल्या असतात, हार्ड डिस्क बिचारी चांगली असते आणि फोटो, टॅलीचा डेटा, पोरांचे प्रोजेक्ट सगळं आत जसंच्या तसं असतं. ती डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला लावायची, एवढंच.

पण आधी कान लावा. फिरणारी जुनी डिस्क चालू केल्यावर टक-टक-टक असा ठराविक आवाज येत असेल किंवा घासल्यासारखं काही ऐकू येत असेल तर पॉवर काढा आणि पुढचं काहीच करू नका, कारण आतलं हेड, म्हणजे डेटा वाचणारा भाग, खराब झालेलं असू शकतं आणि प्रत्येक वेळी चालू केलं की प्लेटवर अजून ओरखडे पडतात. अशी डिस्क थेट डेटा रिकव्हरीच्या लॅबमध्ये द्यायची. घरी उघडायची नाही, धुळीचा कणसुद्धा तिला चालत नाही. फ्रीझरमध्ये ठेवायचा उपाय अजूनही लोक सांगतात, त्याने आत दमटपणा धरतो, तो अजिबात करू नका.

आवाज नॉर्मल असेल तर लॅपटॉप पूर्ण बंद करून, चार्जर काढून, जमलं तर बॅटरीचं कनेक्टरही सोडवून डिस्क बाहेर काढा. जुन्या लॅपटॉपमध्ये अडीच इंची साटा (जोडणीचा एक प्रकार) डिस्क असते, तिला यूएसबीची साटा केबल किंवा केसिंग, म्हणजे डिस्क बसवायची यूएसबी डबी, लागतं, मुंबईत लॅमिंग्टन रोडला नाहीतर पुण्यात तपकीर गल्लीत सहज मिळेल. डेस्कटॉपची साडेतीन इंची डिस्क मात्र नुसत्या यूएसबीवर चालत नाही, तिला १२ व्होल्ट लागतात, म्हणून वेगळा अ‍ॅडॅप्टर असलेलं केसिंग घ्या. आणि च्युइंगमच्या पट्टीएवढी एम डॉट टू एसएसडी (न फिरणारी, चिपवाली डिस्क) असेल तर तिची जोडणी एनव्हीएमई प्रकारची आहे की साटा हे लेबलवर बघून मगच केसिंग घ्या, दोन्हींचं बहुतेकदा वेगळं असतं. काही नव्या पातळ लॅपटॉपमध्ये आणि अ‍ॅपलच्या नव्या मॅकबुकमध्ये स्टोरेज बोर्डवरच सोल्डर केलेलं असतं, तिथे ही पद्धत चालणारच नाही.

आता डिस्क लावली की विंडोज कधीकधी विचारतं, ही डिस्क फॉरमॅट करायची का? कॅन्सल. "स्कॅन अँड फिक्स" विचारलं तरी नको. चेकडिस्क हे विंडोजचं डिस्क तपासायचं टूलही आत्ता चालवू नका, ते फाइल सिस्टिम दुरुस्त करायच्या नादात त्याच डिस्कवर लिहितं. डेटा बाहेर येईपर्यंत जुन्या डिस्कवर आपल्याकडून काहीही लिहिलं जाता कामा नये, ही एक गोष्ट पाळलीत तर बाकीच्या चुका निस्तरता येतात.

ड्राइव्हवर कुलूप दिसलं तर बिटलॉकर आहे, म्हणजे विंडोजने डेटा एन्क्रिप्ट करून कुलूपबंद केलाय, त्याला ४८ आकडी रिकव्हरी की लागते. आपण तर कधी चालू केलंच नव्हतं असं वाटेल, पण बऱ्याच नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं की एन्क्रिप्शन आपोआप चालू होतं आणि ती की त्याच अकाउंटमध्ये सेव्ह झालेली असते, ब्राउझरमधून लॉगिन करून शोधा.

ड्राइव्ह उघडला की यूझर्स फोल्डरमध्ये तुमच्या नावाचा फोल्डर दिसेल, परवानगी नाही म्हटलं तर कंटिन्यू दाबा, थोडा वेळ घेईल. डिस्क अशक्त वाटत असेल तर मात्र हे टाळा, कारण इथे परवानग्या बदलून लिहिल्या जातात, त्यापेक्षा पेनड्राइव्हवरून उबुंटू (विंडोजऐवजी चालणारी लिनक्स सिस्टिम) चालू करून ड्राइव्ह फक्त वाचण्यापुरता माउंट करा, म्हणजे जोडा. डेस्कटॉप रिकामा दिसला तर वनड्राइव्हच्या फोल्डरमध्ये बघा, फाइल्स बरेचदा तिथे असतात. टॅलीचा डेटा यूझर्समध्ये नसूही शकतो, टॅलीच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये डेटा नावाचा फोल्डर असतो तो अख्खा उचला. आणि डीटीपीवाल्यांनो, श्रीलिपी, आकृतीसारख्या जुन्या फॉन्टमधलं मराठी काम असेल तर विंडोजमधला फॉन्ट्सचा फोल्डरही घ्या, नाहीतर फाइल मिळूनही समोर अगम्य चिन्हं दिसतील.

कॉपी करताना सगळा ड्राइव्ह एकदम ओढू नका, जे परत मिळणारच नाही ते आधी, म्हणजे फोटो आणि हिशोब, सिनेमे सगळ्यात शेवटी. कॉपी सारखी अडकत असेल तर क्रिस्टलडिस्कइन्फो लावून डिस्कची तब्येत बघा, पिवळा किंवा लाल इशारा दिसला तर फाइल-फाइल कॉपी करणं थांबवा आणि लिनक्समधल्या डीडीरेस्क्यूने अख्ख्या डिस्कची इमेज, म्हणजे हुबेहूब नक्कल, दुसऱ्या डिस्कवर काढा, ते खराब भाग आधी सोडून देतं, चांगलं तेवढं उचलतं, मग मागे वळून उरलेलं वाचायचा प्रयत्न करतं. पुढची सगळी रिकव्हरी त्या इमेजवर करायची.

डिलीट झालेल्या फाइल्सचं वेगळं आहे. फिरणाऱ्या डिस्कवर फाइल डिलीट केली म्हणजे सातबाऱ्यावरचं नाव खोडलं एवढंच, शेत जागेवरच असतं, दुसऱ्याने त्यावर नांगर फिरवेपर्यंत. म्हणून रिकव्हरी सॉफ्टवेअर दुसऱ्या कॉम्प्युटरवर टाका आणि सापडलेल्या फाइल्सही दुसऱ्याच डिस्कवर सेव्ह करा. साध्या केसला रेकुवा बास होतं, पार्टिशनच (डिस्कचा सी, डी असा भाग) गायब असेल तर टेस्टडिस्क, आणि काहीच दिसत नसेल तर फोटोरेक, हे दोन्ही फुकट आहेत. फोटोरेक नाव असलं तरी वर्ड, पीडीएफ, झिपही काढतं, फक्त फाइल्सची मूळ नावं जातात, त्यामुळे नंतर बसून निवडावं लागतं. एसएसडीवर मात्र फार आशा धरू नका, ट्रिम (डिलीट झालेली जागा मोकळी करायची सोय) चालू असेल तर डिलीट झालेला भाग ड्राइव्ह स्वतःच थोड्या वेळात साफ करून टाकतो.

काढलेल्या फाइल्स नुसत्या मोजू नका, दहा-वीस उघडून बघा, फोटो अर्धा करडा तर नाही ना, एक्सेल उघडतंय ना. हे सगळं तपासून दुसरी कॉपी तयार झाल्यावरच दुकानदाराला फॉरमॅट मारायला सांगा.