नोकरी करता करता नर्सिंगला अ‍ॅडमिशन घ्यायचंय? या चुका टाळा

मी हडपसरला एका लॅबच्या फ्रंट डेस्कवर तीन वर्षं काम केलं, सकाळी सात ते दुपारी चार, आणि आता बीएस्सी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. जुन्या ऑफिसातल्या, ओळखीतल्या मुली फोन करत असतात, ताई तू कसं जमवलंस सांग ना, आणि गंमत नाही खरंच सांगते, अभ्यासात अडकलेल्या फार कमी असतात, कागदांत आणि तारखांत अडकलेल्याच जास्त.

सगळ्यात मोठी चूक आधी सांगते. नोकरी चालू ठेवून संध्याकाळी किंवा वीकेंडला नर्सिंग करू असं डोक्यात असेल तर काढून टाका. एएनएम (सहाय्यक नर्सचा कोर्स) २ वर्षं, जीएनएम (जनरल नर्सिंगचा डिप्लोमा) ३, बीएस्सी म्हणजे डिग्री ४, तिन्ही रेग्युलर. दिवसभर कॉलेज, वॉर्डात पोस्टिंग, पुढे नाईट पण लागते. थिअरीला ८० टक्के हजेरी चालते पण प्रॅक्टिकलची डिग्रीच्या आधी १०० टक्के भरावीच लागते, म्हणजे आज बुडवलेली ड्युटी नंतर करावीच लागणार. त्यामुळे नोकरी आहे तोपर्यंत पैसे साठवा, कागद गोळा करा आणि सीईटीचा, म्हणजे प्रवेश परीक्षेचा अभ्यास करा, कोर्सच्या वेळी फुल टाइम नोकरीवर भिस्त ठेवू नका.

"सहा महिन्यांत नर्स बना" वाल्या जाहिराती याच गैरसमजावर चालतात. माझ्या एका मैत्रिणीने असा कोर्स केला, फी भरली, सर्टिफिकेटही मिळालं, पण महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन त्यावर होत नाही आणि ते नसेल तर स्टाफ नर्स म्हणून लागता येत नाही. पेशंटची काळजी घेण्याचं काम चांगलंच आहे, फक्त तो नर्सिंगचा कोर्स नव्हे. पैसे देण्याआधी कॉलेजला कौन्सिलची मान्यता आहे का ते स्वतः तपासा, बीएस्सी असेल तर नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाशी संलग्न आहे का तेही बघा. भारती किंवा सिंबायोसिससारखी अभिमत विद्यापीठं असतील तर त्यांची प्रक्रिया वेगळी, फॉर्म वेगळा, तो वेगळाच भरायचा.

बारावी कॉमर्स किंवा आर्ट्स झालेल्या मुली उगाच आशा सोडतात. बीएस्सीला फिजिक्स केमिस्ट्री बायोलॉजी इंग्लिश लागतं, ओपनला ४५ टक्के, ते खरंय. पण जीएनएमला कुठल्याही शाखेची बारावी चालते, ४० टक्के आणि इंग्लिश विषय हवा, वय ३५ पर्यंत. जीएनएम करून पुढे दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी करता येतं.

आता तारखा. बारावीनंतरच्या अ‍ॅडमिशन जूनमध्ये हे आपल्या डोक्यात बसलेलं असतं. बीएस्सी नर्सिंगची सीईटी २०२४ ला मेमध्ये झाली आणि २०२५ ला थेट एप्रिलमध्ये, म्हणजे फॉर्म त्याच्या कितीतरी आधी येऊन जातात. अकाउंट्सला असाल तर मार्च एंडिंगच्या धावपळीत अभ्यास होणारच नाही असं धरून दिवाळीपासून सुरुवात करा. पेपर १०० मार्कांचा, ९० मिनिटं, फिजिक्स केमिस्ट्री बायोलॉजी इंग्लिश आणि नर्सिंग अ‍ॅप्टिट्यूड प्रत्येकी २०, निगेटिव्ह मार्किंग नाही, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडू नका.

रात्री जेवण झाल्यावर दोन तास बसेन हा प्लॅन माझा पहिल्याच आठवड्यात कोसळला, दिवसभर उभं राहून पुस्तक उघडलं की झोप. मग मी लॅबच्या कोऱ्या टोकन स्लिपा घ्यायचे, एका स्लिपवर एकच गोष्ट, हृदयाचे चार कप्पे आणि रक्त कुठून कुठे जातं त्याचे बाण, किंवा फिजिक्सचा एक फॉर्म्युला, आणि स्वारगेटच्या बसमध्ये त्याच चाळायचे, सीट मिळाली नाही तरी एका हातात स्लिप मावते. पुस्तकं बालभारतीचीच, अकरावी बारावीची. त्या चुरगळलेल्या स्लिपा अजून जपून ठेवल्यात मी.

कागदांत नोकरीवाल्यांचे घोळ वेगळेच असतात. मधल्या वर्षांचं गॅप सर्टिफिकेट लागतं. कुठे बीए बीकॉमला नाव घातलं असेल तर ओरिजिनल एलसी तिकडे अडकलेला असतो, तो आधीच काढून घ्या. लग्न झालेल्यांचं आधारवर नाव वेगळं आणि मार्कशीटवर वेगळं, त्यासाठी मॅरेज सर्टिफिकेट किंवा नाव बदलल्याचं गॅझेट. आणि काही एजन्सीज ओरिजिनल मार्कशीट ठेवून घेतात, माझ्या सोबतच्या मुलीची अशीच अडकली, शेवटी तिने बोर्डाकडून डुप्लिकेट काढली पण त्यात तिची किती धावपळ झाली ते मी पाहिलंय. ओरिजिनल कुणालाही देऊ नका, अगदी कुणालाही. कास्ट व्हॅलिडिटीला वेळ लागतो, तो अर्ज सीईटीच्या फॉर्मच्याही आधी करा.

राजीनामा सीईटीचा निकाल बघून देऊ नका, सीट लागल्यावरच. पण कॅपच्या (सरकारी केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या) राउंडमध्ये सीट लागली की रिपोर्टिंगला मोजके दिवस मिळतात आणि नोटीस असते महिन्याची, म्हणून अपॉइंटमेंट लेटर आत्ताच वाचा, शिल्लक रजा नोटीसमध्ये धरतात का, पगार भरून लवकर सोडतात का. आणि कॅप राउंड घाईत सोडून मॅनेजमेंट कोट्यात जाऊ नका. २०२४ च्या जीआरने ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी मुलींना ट्यूशन आणि परीक्षा फी माफ आहे, पण कॅपमधून आलेल्यांनाच. तुमच्या कोर्सला लागू आहे का ते कॉलेजच्या ऑफिसात विचारून घ्या.

फॉर्ममध्ये ऑफिसच्या सिमचा नंबर किंवा ऑफिसचा मेल अजिबात टाकू नका. नोकरी सोडलीत की सिम परत जातं, आणि सगळे ओटीपी त्याच नंबरवर येत असतात.