एअर पिस्तुलाचा ट्रिगर आणि साईट कशी लावून घ्यावी

१० मीटर एअर पिस्तुलाच्या टार्गेटवर दहाच्या वर्तुळाचा व्यास अवघा ११.५ मिलिमीटर असतो आणि त्याबाहेरचे प्रत्येक कडे ८ मिलिमीटर रुंदीचे असते. साईट म्हणजे नेम धरण्यासाठी पिस्तुलावर बसवलेली खूण; पुढे एक उभी पट्टी असते आणि मागे खाच. पुढच्या आणि मागच्या साईटमध्ये साधारण ३६० मिलिमीटर अंतर असेल, तर पुढची साईट मागच्या साईटच्या खाचेच्या मध्यापासून अर्धा मिलिमीटर सरकताच पेलेट (छर्रा) सुमारे १४ मिलिमीटर बाजूला लागते, म्हणजे जवळजवळ दोन कड्यांइतके. ही चूक बहुधा हाताची असते. तरीही नवशिका नेमबाज पहिल्यांदा हातात घेतो तो स्क्रूड्रायव्हर.

म्हणून सुरुवातीला कशालाही हात न लावता एकाच जागी नेम धरून दहा पेलेट मारावेत आणि ग्रुप, म्हणजे टार्गेटवर पडलेल्या भोकांचा पुंजका, पाहावा. ग्रुप घट्ट आहे पण मध्यापासून दूर आहे, तर काम साईटचे आहे. पेलेट टार्गेटभर विखुरले असतील, तर साईटचा स्क्रू कितीही फिरवला तरी पसारा तेवढाच राहील, फक्त त्याची जागा बदलेल. मी स्वतः एकदा डावीकडे खाली जाणारे नेम पाहून साईट चार क्लिक (साईटचा स्क्रू फिरवताना लागणारे टप्पे) उजवीकडे नेली होती. दुसऱ्या दिवशी बोट नीट पडले आणि सगळे पेलेट उजवीकडे गेले. उजव्या हाताच्या नेमबाजाचे डावीकडे खाली जाणारे नेम बहुतेक वेळा ट्रिगर हिसकल्याने जातात.

साईटच्या आधी ट्रिगर लावावा, कारण ट्रिगरची जागा बदलली की पकड बदलते आणि ग्रुपही सरकतो. पिस्तूल रिकामे असल्याची खात्री करून, नळी सुरक्षित दिशेला ठेवून, प्रथम ट्रिगरची पाती, म्हणजे बोट टेकते तो भाग, मागे-पुढे करावी. बोटाच्या पहिल्या पेराचा मधला भाग तिच्यावर टेकला पाहिजे आणि बाकीचे बोट मुठीला लागता कामा नये. त्यानंतर पहिला टप्पा, म्हणजे अडकण लागेपर्यंतचा मोकळा प्रवास, आणि दुसरा टप्पा, म्हणजे प्रत्यक्ष सुटण्याआधीचा दाब, यांतला फरक बोटाला स्पष्ट कळेल असा ठेवावा. नेम सुटल्यावर पाती फार मागे जात असेल, तर थांब्याचा स्क्रू हळूहळू आत घ्यावा. तो जास्त घेतल्यास पिस्तूल सुटणारच नाही, म्हणून शेवटी अर्धा फेरा सैल सोडावा.

आंतरराष्ट्रीय नियमांनुसार एअर पिस्तुलाचा ट्रिगर किमान ५०० ग्रॅम वजन पेलणारा असावा लागतो. तपासताना हवेचा दाब चालू असलेले पिस्तूल नळी वर करून उभे धरतात आणि ट्रिगरला अडकवलेले वजन सावकाश उचलतात. वजन उचलले जाईपर्यंत ट्रिगर सुटता कामा नये. बरोबर ५०० वर लावलेला ट्रिगर स्पर्धेच्या सकाळी दगा देऊ शकतो, त्यामुळे १०-२० ग्रॅम वरच ठेवलेले बरे. ट्रिगर हलका करण्यासाठी आतले भाग घासणे किंवा अनोळखी स्प्रिंग बसवणे मात्र टाळावे, कारण असे पिस्तूल नको तेव्हा सुटू शकते. परवान्याच्या पिस्तुलाचे आतले काम तर परवानाधारक कारागिराकडेच द्यावे.

आता साईट. मागची साईट ज्या दिशेला सरकवाल, त्याच दिशेला ग्रुप सरकतो. पुढच्या साईटचे उलट असते. स्क्रूवरच्या खुणांवर डोळे झाकून विसंबू नये, कारण काही पिस्तुलांवर खूण पेलेट कुठे सरकेल ते सांगते, तर काहींवर पेलेट कुठे लागले आहे ते. पाच पेलेट मारावेत, दहा क्लिक फिरवावेत, पुन्हा पाच मारावेत आणि दोन्ही ग्रुपच्या मध्यांमधले अंतर दहाने भागावे. एका क्लिकचे माप मिळाले, ते वहीत लिहून ठेवावे.

खाचेची रुंदी हा वेगळा विषय आहे आणि मला तो सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. हात लांब करून पाहिल्यावर पुढच्या साईटच्या दोन्ही बाजूंना उजेडाची सारखी पट्टी दिसली पाहिजे. ती फार बारीक असेल तर डोळा लवकर थकतो, आणि फार रुंद असेल तर साईट एका बाजूला कलली तरी कळत नाही. नजर पुढच्या साईटवर रोखावी, मग ५९.५ मिलिमीटरचा काळा गोल थोडा धूसर दिसतो, आणि तो तसाच दिसायला हवा. नेम काळ्या गोलाच्या मध्यावर न धरता त्याच्या खालच्या पांढऱ्या भागात धरावा, म्हणजे काळ्यावर काळी साईट हरवत नाही. पेलेट मात्र मध्यात लागावे, अशी उंची लावून घ्यावी.

रेंज, म्हणजे नेमबाजीची जागा, बदलली की उजेड बदलतो आणि ग्रुप एखाद-दुसरा क्लिक सरकतो. स्पर्धेआधी मिळणारी १५ मिनिटे त्यासाठीच असतात. पहिले पाच पेलेट पाहून मगच स्क्रूला हात लावावा, आणि ट्रिगरला त्या दिवशी अजिबात लावू नये.