पोरं एकटी मुंबईला जाणार, त्याआधीची तयारी

दहावीची परीक्षा संपली त्याच संध्याकाळी लेकीनं विचारलं, "आई, आम्ही तिघंच मुंबईला जाऊन येऊ?" तिघं म्हणजे ती, तिची मैत्रीण आणि माझा भाचा. सगळी सोळाच्या आतबाहेरची. बदलापूरकरांची मुंबई म्हणजे सीएसएमटीच्या आसपासची, 68 किलोमीटरवरची. मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. थोडे दिवस मागून घेतले. उद्या शनिवारी ती निघतायत. मधल्या दिवसांत काय काय केलं ते लिहून ठेवते. ज्यांच्या घरी हाच प्रश्न येणार आहे त्यांना यादी म्हणून वापरता येईल.

सगळ्यात आधी परतीचा प्रवास ठरवा, जायचं नंतर बघू. जाताना पोरं ताजी असतात आणि सीएसएमटीची गाडी शेवटच्या स्टेशनातच जाऊन थांबते, चुकायला वाव नाही. येताना पाय दुखत असतात, बॅटरी उतरलेली असते आणि कल्याणला लाइन फुटते, एक कर्जतकडे आणि एक कसाऱ्याकडे. म्हणून आम्ही तिघांकडून घोकून घेतलं: आपल्याला बदलापूर, कर्जत किंवा खोपोली गाडी चालते. इंडिकेटरवर एस म्हणजे कर्जत, एन म्हणजे कसारा. एन दिसलं की नाशिककडची गाडी असं लक्षात ठेवा. टिटवाळा आणि आसनगावही आपल्या कामाच्या नाहीत. अंबरनाथ मिळाली तर बसा, एकच स्टेशन उरतं. सीएसएमटीला प्लॅटफॉर्म 1 आणि 2 हार्बर लाइनचे, म्हणजे वेगळ्याच मार्गाचे, तिथे जायचंच नाही. आणि शेवटची खूणगाठ: कल्याण सोडल्यावर विठ्ठलवाडी आलं तर बरोबर, शहाड आलं तर उतरा आणि कल्याणला परत या.

परतीची गाडी साडेचारच्या आत, आणि सीएसएमटीहूनच. गाडी तिथूनच सुटत असल्यामुळे बसायला मिळतं. "दादरला फिरून तिथूनच चढतो" हा भाच्याचा बेत मी सरळ नाकारला. संध्याकाळी दादरला कर्जत गाडीत चढणं हे रोज प्रवास करणाऱ्यालाही जड जातं. 9 जून 2025 ला मुंब्र्याच्या वळणावर गर्दीच्या लोकलमधून माणसं पडून गेली. आपल्या पोरांना दारात उभं राहू नका हे सांगायला याहून वेगळं कारण लागत नाही. शिवाय दारात फोन काढला की रुळांशेजारून हातावर काठी मारून तो पाडणारी फटका गँग असते, हेही त्यांना माहीत हवं.

दिवस रविवारचा नको. रविवारी रुळांच्या दुरुस्तीसाठी मेगा ब्लॉक असतो, जलद गाड्या धीम्या मार्गावर वळतात, वेळापत्रक कोलमडतं. शनिवार ठरवला. पावसाळाही नको. जुलै 2019 मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस आमच्या बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पुरात अडकली होती, हजारभर माणसं होती आत. ते पाणी आम्ही पाहिलंय. एप्रिलात घाम येईल, पण गाड्या तरी धावत राहतील. तरीही गाड्या बंद पडल्याच तर काय, हे ठरवूनच ठेवा. आमच्याकडे उत्तर आहे परळची मावशी. लोकल बंद म्हणजे घरी पोचायची धडपड करायची नाही, टॅक्सीनं किंवा बसनं मावशीकडे जायचं आणि रात्री तिथेच राहायचं. मावशीला तशी कल्पना दिली आहे. असं एक घर प्रत्येक आईबापानं शोधून ठेवावं.

तिकीट तिघांचं एकत्र काढू नका. ताटातूट झाली तर एकाच्याच खिशात तिकीट आणि बाकी दोघं विनातिकीट, कमीत कमी 250 रुपये दंड आणि वर भाडं. प्रत्येकाचं वेगळं, रिटर्न, कागदी. मोबाइलवर काढायचं असेल तर घरूनच काढलेलं बरं. फर्स्ट क्लास, दिव्यांगांचा डबा आणि मालडबा कसे ओळखायचे ते स्टेशनवर नेऊन दाखवलं. पोरं घाईत समोर येईल त्या दारात शिरतात.

डब्यावरून घरात बराच खल झाला. मुलींना लेडीजमध्ये बसायचं होतं, पण मग भाचा एकटा पडतो. शेवटी त्यांनीच ठरवलं: मुली लेडीजमध्ये, तो लगतच्या जनरलमध्ये, आणि उतरल्यावर इंडिकेटरखाली भेटायचं. दिसलं नाही तर शोधत फिरायचं नाही, तिथेच उभं राहायचं. हा एक नियम मी वरचेवर म्हणून घेतला, कारण दोघं एकमेकांना शोधत फिरली की दोघंही हरवतात.

मग फोन बाजूला ठेवायला लावून विचारलं, बाबांचा नंबर सांगा. तिघांपैकी एकालाच एक नंबर पाठ होता! दोन नंबर तोंडपाठ करून घेतले. शिवाय प्रत्येकाच्या खिशात एक कागद आहे. त्यावर घरचे नंबर, मावशीचा पत्ता आणि 112, 139, 1098 हे नंबर, म्हणजे पोलीस, रेल्वे आणि मुलांची मदतवाहिनी. पैसे प्रत्येकी पाचशे, सुट्टे करून, दोन ठिकाणी विभागून.

आपलं ज्ञानही तपासून घ्या. "दादरला उतरायची वेळ आली तर..." म्हणत ह्यांनी प्लॅटफॉर्मचे जुने नंबर सांगितले. डिसेंबर 2023 पासून मध्य रेल्वेचे दादरचे प्लॅटफॉर्म 8 ते 14 झाले आहेत. आपल्या कॉलेजच्या वेळची मुंबई पोरांना पाठ करून देऊ नये.

फिरायचा रस्ता चालण्यापुरता ठेवला आहे. सीएसएमटीची इमारत 1888 ची, 2004 पासून जागतिक वारसा. ती समोरच्या फुटपाथवरून नीट बघायची, तिथेच महापालिकेची इमारत. मग डी. एन. रोडनं सावलीतून हुतात्मा चौक. तिथे दहा मिनिटं थांबा, असं मी आवर्जून सांगितलं. बोर्डाच्या पुस्तकात संयुक्त महाराष्ट्राचा लढा दोन पानांत उरकतो, तिथे उभं राहिल्यावर तो कळतो. पुढे काळा घोडा, जहांगीर आर्ट गॅलरी, जिथे तिकीट लागत नाही, आणि शेजारीच 1922 पासून लोकांसाठी खुलं असलेलं वस्तुसंग्रहालय. दुपारचं ऊन तिथेच काढायचं. पाणी आणि स्वच्छतागृहाची सोय तिथे होते, मुलींच्या दृष्टीनं हे आधी बघावं लागतं. शेवटी गेटवे आणि परत. घारापुरीची बोट पहिल्या खेपेला नको, समुद्रापलीकडे गेलं की वेळ आपल्या हातात राहत नाही. मरीन ड्राइव्हला गेलात तर कठड्यावर बसा, त्या सिमेंटच्या तिकोनी दगडांवर उतरायचं नाही. आणि रिक्षा शोधू नका. शीवच्या पुढे रिक्षाच नाही, हे बदलापूरच्या पोरांना खरंच माहीत नसतं. काळी-पिवळी टॅक्सी मीटरनं जाते. बेस्टच्या बसवर पुढे नंबर मराठी आकड्यांत असतो, तो झटकन वाचता यायला हवा.

रंगीत तालीम मात्र टाळू नका. मंगळवारी तिघांना नुसतं ठाण्याला जाऊन यायला सांगितलं. येताना गप्पांच्या नादात ती कसारा गाडीत बसली. शहाड आलं, उतरली, कल्याणला परत आली, पाऊण तास उशिरा घरी. मला फोन आला तो शहाडहून: "आई, चुकलो." चूक कळवली तर ओरडा बसणार नाही, हे आधी कबूल केलं होतं आणि पाळलं. ते पाळलं नसतं तर उद्या असं काही झाल्यावर फोन येणार नाही, एवढं मला पक्कं ठाऊक आहे.

राहिली आमची तयारी. दिवसभरात तीन मेसेज: पोचलो, जेवलो, गाडीत बसलो. मधे आम्ही फोन करायचा नाही. लोकेशन चालू ठेवायला सांगितलंय, पण दर पाच मिनिटांनी ते बघायचं नाही, असं ह्यांनी आणि मी एकमेकांना वचन दिलंय. संध्याकाळी दारात प्रश्नांची सरबत्ती नको. हातपाय धुवा, जेवा, मग सांगा.

सकाळची गर्दी सरल्यावर, दहानंतरची गाडी. पॉवर बँक चार्जला लावली आहे, पाण्याच्या बाटल्या फ्रीजमध्ये आहेत. तिघांच्या खिशातले कागद मी मघाशी पुन्हा एकदा काढून बघितले. भाच्याचा धुवायच्या पँटमध्ये गेला होता, दुसरा लिहून दिला.