गळीत हंगाम: उसाच्या ट्रॉलीत वजन किती भरावं

दिवाळीच्या आगेमागे साखर कारखान्यांचे बॉयलर पेटतात आणि कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, नगर पट्ट्यातल्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्या धावू लागतात. हंगामाच्या तोंडावर ट्रॅक्टरचं ऑइल बदललं जातं, टायर तपासले जातात. ट्रॉलीत वजन किती भरायचं, हे मात्र बहुतेक ठिकाणी तोडणी टोळीच्या मुकादमाच्या आणि चालकाच्या अंदाजावर सुटतं. खेपा वाचाव्यात, डिझेल वाचावं म्हणून मोळ्यांचे थर चढत जातात. हा हिशेब मालकानं स्वतः करावा, आणि पहिली खेप निघण्याआधी करावा.

‘ट्रॅक्टर ओढतोय ना, मग भरा अजून’ ही कसोटीच चुकीची आहे. ५० एचपीचा ट्रॅक्टर सपाटीवर पहिल्या गिअरमध्ये आपल्या वजनाच्या कितीतरी पट ओझं हलवतो. प्रश्न ते ओझं थांबवण्याचा आहे. ट्रॅक्टरचं स्वतःचं वजन साधारण २ टन. ब्रेक सहसा त्याच्या मागच्या दोन चाकांनाच, आणि आपल्याकडच्या बहुतेक ट्रॉल्यांना ब्रेक नसतातच. अमेरिकेतल्या ट्रॅक्टरांच्या वापरपुस्तिकांत विना-ब्रेक ओढायचं वजन ट्रॅक्टरच्या दीडपटीच्या आत आणि वेग ताशी ३२ किलोमीटरच्या आत ठेवायला सांगितलेलं असतं. त्या मापानं २ टनांच्या ट्रॅक्टरमागे ट्रॉलीसकट ३ टन. आपल्या रस्त्यांवर याच्या कितीतरी पट वजन फिरतं, म्हणून नोंदणीत लिहिलेल्या मर्यादेवर एक मोळीही चढू नये.

ती मर्यादा ट्रॉलीच्या आर.सी. बुकात सापडते. तिथे दोन आकडे असतात: रिकाम्या ट्रॉलीचं वजन आणि मालासकट एकूण वजन. दुसऱ्यातून पहिला वजा केला की उसाला उरलेली जागा कळते. समजा रिकामी ट्रॉली २ टन आणि एकूण मर्यादा ९ टन, तर ऊस ७ टनच. बाजूच्या शिगा वाढवून घेतल्या म्हणून हा आकडा वाढत नाही. टायरच्या बाजूवरही कमाल भार आणि हवेचा दाब छापलेला असतो. सगळ्या टायरांचा भार मिळून कमी भरत असेल, तर तोच आकडा धरावा.

आता फडात, म्हणजे तोडणी चालू असलेल्या उसाच्या शेतात, काटा नसतो, मग ७ टन ओळखायचे कसे? कारखान्याची वजनाची पावती याच कामाला येते. भरलेलं वजन, रिकामं वजन, निव्वळ ऊस, सगळं तिच्यावर असतं. आपण ती बिलापुरती जपतो. सुरुवातीच्या दोन-तीन खेपांना ऊस किती उंचीपर्यंत भरला होता ते मोजा, पावतीशी ताडून बघा आणि मर्यादेच्या उंचीला शिगांवर रंगाचा पट्टा मारा. टोळीला तोंडी सांगण्यापेक्षा पट्टा दाखवणं सोपं जातं. एका ट्रॅक्टरमागच्या दोन ट्रॉल्यांची पावती एकत्र येत असेल, तर एकदा खासगी काट्यावर प्रत्येक ट्रॉली वेगळी तोलून घ्या, कारण मागची जड आणि पुढची हलकी झाली की वळणावर मागची झोला खाते. फड बदलला की पट्टा पुन्हा तपासावा. दीड वर्षाचा आडसाली जाड ऊस आणि तोडलेल्या बुंध्यातून पुन्हा फुटलेला खोडव्याचा बारीक ऊस एकाच उंचीला सारखा भरत नाही. जळीत उसाला पाचट नसतं, तो दाबून बसतो आणि दिसतो त्यापेक्षा जड निघतो.

दोन चाकी ट्रॉलीत वजन कुठे बसतं हेही तितकंच महत्त्वाचं. मोळ्या मागे रचल्या की हूक वर उचलला जातो आणि ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांची पकड सुटते. सगळं ओझं पुढे आलं तर चढावर ट्रॅक्टरचं तोंड उचलतं आणि स्टिअरिंग हलकं लागतं. ते हलकं लागलं की तिथेच थांबून ओझं कमी करायचं, पुढे रेटायचं नाही.

उताराचं गणित प्रत्येक चालकाला समजावून सांगा. १०० फुटांत १० फूट उतरणाऱ्या रस्त्यावर १० टनांची ट्रॉली ट्रॅक्टरला सुमारे १ टनाच्या जोरानं पुढे ढकलते. वेग दुप्पट झाला की थांबायला चौपट अंतर लागतं. म्हणून उतार सुरू होण्याआधीच खालचा गिअर टाकावा, उतारावर गिअर बदलू नये, आणि डिझेल वाचवायला न्यूट्रल तर कधीच करू नये. फडातून रस्त्यावर येताना डाव्या-उजव्या ब्रेकची पेडलं कडीनं जोडायची राहून जातात. मग एकाच चाकाला ब्रेक लागतो आणि ट्रॅक्टर आडवा फिरतो.

परतीच्या पावसानं फड ओले असतील तर ट्रॉली आत अर्धीच भरा, उरलेला ऊस बांधावर चढवा. रुतलेली ट्रॉली काढताना साखळी ड्रॉबारलाच, म्हणजे ट्रॅक्टरमागच्या खालच्या ओढदांड्यालाच, लावायची. वरच्या लिंकला किंवा एक्सलला लावली आणि चाकं चिखलात अडकली, तर ट्रॅक्टर मागे उलटायला दोन सेकंदही लागत नाहीत. क्लचवर पाय जाईपर्यंत वेळ निघून गेलेली असते.

दंडाचं थोडक्यात: मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ प्रमाणे जादा भाराला २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये. वरच्या उदाहरणात ७ ऐवजी ११ टन भरले तर २८,००० रुपये, शिवाय जादा माल उतरवण्याचा खर्च वेगळा. ऊस बाजूला किंवा मागे बाहेर आला तर त्यालाही स्वतंत्र दंड आहे.

हंगामाच्या सुरुवातीला कारखाने आणि आर.टी.ओ. रिफ्लेक्टर लावून देतात. ते मागून लाल दिसतात का, लोंबणाऱ्या वाढ्यांखाली (उसाच्या हिरव्या शेंड्यांखाली) झाकले जातात का, हे रोज संध्याकाळी निघण्यापूर्वी ट्रॉलीमागे उभं राहून बघा. त्याच फेरीत हुकाची पिन, तिची सेफ्टी क्लिप आणि जोडसाखळी हातानं हलवून तपासा, आणि ट्रॉलीची नोंद विम्यात आहे का, हे आजच एजंटला विचारा.