बेझियन संख्याशास्त्राचा चर्चागट कसा चालवावा

बेझियन संख्याशास्त्र म्हणजे आधीचा अंदाज नव्या आकडेवारीनं सुधारत नेण्याची पद्धत. तिच्या चर्चागटासाठी आधी माणसं जमवा, आणि ती एकाच विभागातली नकोत. संख्याशास्त्राच्या एमएस्सीचे विद्यार्थी हवेतच. पण शेतीचे किंवा जीवशास्त्राचे प्रयोग करणारे, ज्यांच्या हाती स्वतःची आकडेवारी आहे असे दोघं-चौघं असले की प्रश्न खरे येतात. सात-आठ जण पुष्कळ झाले.

पहिल्या बैठकीत, ज्याच्या नावानं ही पद्धत ओळखली जाते त्या थॉमस बेझचं सूत्र फळ्यावर लिहू नका, मोजायला लावा. हजारांत दहा जण आजारी आहेत. चाचणी त्यांतले नऊ पकडते, पण ९९० निरोगी लोकांपैकी ९९ जणांनाही आजारी ठरवते. मग चाचणीत सापडलेल्या १०८ जणांत खरे आजारी किती? नऊ, म्हणजे बारांत एक. हे ज्यानं स्वतः मोजलं, त्याला पुढे सूत्र समजावून सांगावं लागत नाही.

दुसऱ्या बैठकीला फ्रेंच गणिती लाप्लासचा प्रश्न घ्या: जन्मणारं मूल मुलगा असण्याची शक्यता किती? आकडे दाखवण्याआधी प्रत्येकानं आपला प्रायर, म्हणजे आकडे पाहण्याआधीचा अंदाज, कागदावर लिहायचा आणि त्याचं कारणही सांगायचं. माझ्या मते गटाचा प्राण इथेच आहे, म्हणून इथे घाई नको. आकडे पाहून लिहिलेला प्रायर धरू नका.

समजा दहा जन्मांत सात मुलगे निघाले. ज्याला आधी काहीच ठाऊक नाही, त्यानं बीटा(१,१), म्हणजे आधी जणू एक मुलगा आणि एक मुलगी पाहिल्यासारखा प्रायर घेतला, तर पोस्टीरियरची, म्हणजे आकडे पाहून सुधारलेल्या अंदाजाची, सरासरी ८/१२, म्हणजे ०.६७ येते. मुलगे निम्मेच असतात याची बरीच खात्री असलेल्यानं बीटा(५०,५०) घेतला, तर ५७/११०, म्हणजे ०.५२. इथे वाद होईल, होऊ द्या. मग लाप्लासनं वापरलेले पॅरिसचे १७४५ ते १७७० चे आकडे ठेवा: २,५१,५२७ मुलगे, २,४१,९४५ मुली. आता दोघांचंही उत्तर ०.५१ येतं.

बेझचा १७६३ साली, त्याच्या मृत्यूनंतर छापलेला मूळ निबंध सुरुवातीलाच वाचायला घेऊ नका. त्याची भूमितीची मांडणी नवख्याला जड जाते.

संगणकाकडे वळाल तेव्हा स्टॅन (बेझियन गणितं करणारी संगणक-प्रणाली) चालवण्याआधी नुसत्या प्रायरमधून खोटी आकडेवारी तयार करून पाहा. उसाचं एकरी उत्पादन उणे येत असेल, तर प्रायर किंवा मॉडेल तिथेच दुरुस्त करा. त्यानंतर दर बैठकीला एकानं आपल्या प्रबंधातली आकडेवारी आणायची, अर्धवट असली तरी चालेल. बोलण्याची पाळी आधीच्या बैठकीतच ठरवा, आणि प्राध्यापकांना शेवटी बोलायची विनंती करा. ते आधी बोलले की विद्यार्थी गप्प बसतात.