सीपीआरमधील अंतर्गत इजा: टाळाव्यात कशा, ओळखाव्यात कशा

सीपीआर म्हणजे छातीवर दाब आणि कृत्रिम श्वास देऊन रक्ताभिसरण चालू ठेवण्याचा तातडीचा उपाय. हृदय बंद पडलेल्या व्यक्तीच्या छातीवर असा दाब देताना तळव्याखाली ‘कट्’ असे जाणवते, बरगडी मोडल्याचे लक्षात येते आणि नवख्याचे हात आपोआप सैल पडतात. अशा वेळी हातांची जागा तपासून दाब तसाच चालू ठेवावा. मोडलेली बरगडी यथावकाश सांधते, रक्त न मिळालेला मेंदू मात्र काही मिनिटांतच कायमचा निकामी होऊ लागतो.

इजा कमी राखण्याचे कसब मुख्यतः हातांच्या जागेत आहे. मनगटालगतचा तळहाताचा भाग छातीच्या मधोमध, उरोस्थीच्या (छातीच्या मधल्या उभ्या हाडाच्या) खालच्या अर्ध्या भागावर टेकवावा आणि बोटे वर उचललेली ठेवावीत, म्हणजे बरगड्यांवर भार पडत नाही. हात खाली घसरला तर उरोस्थीचे टोक आत दाबले जाते आणि त्याच्यामागेच असलेला यकृताचा डावा भाग फाटू शकतो. प्रौढांमध्ये दाबाची खोली किमान 5 सेंटिमीटर असावी, पण 6 च्या पुढे जाऊ नये. गती मिनिटाला 100 ते 120 ठेवावी आणि प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यावी. थकलेला हात हमखास सरकतो, म्हणून दर 2 मिनिटांनी माणूस बदललेला बरा.

कृत्रिम श्वास देत असल्यास 30 दाबांनंतर 2 श्वास, प्रत्येकी सुमारे 1 सेकंद आणि छाती उचललेली दिसेल इतकेच द्यावेत. जोरात फुंकलेली हवा जठरात शिरते, उलटी होऊन ती फुप्फुसांत जाऊ शकते आणि क्वचित जठरही फाटते. फुगलेले पोट दाबून हवा काढण्याचा मोह टाळावा.

हृदय पुन्हा सुरू झाले म्हणजे इजांचा शोध संपला असे नव्हे. औषधे देऊनही रक्तदाब घसरत असेल, पोट ताणलेले असेल किंवा हिमोग्लोबिन उतरत असेल, तर यकृत वा प्लीहेतील रक्तस्रावाची शंका घेऊन सोनोग्राफी करावी. पहिली तपासणी निर्दोष असली तरी लक्षणे टिकल्यास ती पुन्हा करावी किंवा सीटी स्कॅन घ्यावा. एका बाजूचा श्वासध्वनी मंद होणे, किंवा त्वचेखाली बोटांना चुरचुर जाणवणे, हे फुप्फुसाभोवती हवा साठल्याचे लक्षण असू शकते. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील तर किरकोळ चीरही बराच वेळ वाहत राहते. म्हणूनच रुग्णवाहिकेतील पथकाला दाब किती वेळ दिला, पोट फुगले होते का आणि अशी औषधे चालू होती का, हे आवर्जून सांगावे.